संशोधन प्रकल्पातील टिपणे व साधनांची व्यवस्था : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : टिपण, प्राथमिक साधने, मौखिक साधने, गावनोंद, वनहक्क, अभिलेख

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची नेहमीची तक्रार साधनांच्या दुर्मिळतेची असते. ग्रंथालये लहान आहेत, अभिलेखागारे दूर आहेत, गावे विखुरलेली आहेत आणि जुन्या गोष्टी सांगणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. ही तक्रार खोटी नाही, मात्र ती अर्धीच खरी आहे. अनेक प्रकल्पांत साधने जमलेली असतात. ती कोठून, कोणाकडून आणि केव्हा मिळाली याची नोंद तेवढी राहिलेली नसते. वहीत उतारा असतो, पृष्ठांक नसतो. ध्वनिफीत असते, बोलणाऱ्याचे गाव नसते. छायाचित्र असते, पण ते कोणत्या दप्तरातील कोणत्या कागदाचे हे दोन वर्षांनी खुद्द संशोधकालाही सांगता येत नाही. अशा सामग्रीतून प्रबंध उभा राहतो. मात्र त्यातील विधान कोणी तपासू म्हटले तर तपासता येत नाही.

संशोधन पद्धतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत टिपणे घेण्याचा भाग सहसा एक-दोन पानांत आटोपतो आणि तो कोणत्याही प्रदेशाला सारखाच लागू असल्याप्रमाणे लिहिलेला असतो. प्रस्तुत लेखात या दोन जिल्ह्यांची साधने कशी विखुरली आहेत, त्यामुळे टिपणाचे स्वरूप कसे असावे लागते आणि येथे नीट ठेवलेल्या टिपणाला अभ्यासाबाहेरही कोणते मोल प्राप्त होते, याचा विचार केला आहे.

एक प्रदेश, अनेक दप्तरे

नागपूरचे भोसले राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यानंतर १८५४ मध्ये चांदा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे तो मध्य प्रांतात आला. सिरोंचाचा परिसर १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला, काही काळ अप्पर गोदावरी जिल्ह्यात राहिला आणि १८७४ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून १९०५ मध्ये गडचिरोली ही नवी तहसील करण्यात आली. राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

हा क्रम शालेय माहितीसारखा वाटतो, परंतु साधनांच्या शोधाची दिशा त्यावरच ठरते. राजुऱ्याच्या एखाद्या गावातील वनबंदोबस्ताचा १९४० च्या सुमाराचा कागद नागपूरच्या अभिलेखागारात शोधणे व्यर्थ आहे. तो मिळालाच तर हैदराबादकडे मिळेल आणि बहुधा उर्दूत असेल. त्याच काळातील ब्रह्मपुरीचा कागद मध्य प्रांताच्या दप्तरात व इंग्रजीत असेल. एटापल्ली किंवा भामरागड हे शब्द १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटिअरमध्ये तालुक्यांची नावे म्हणून शोधणाऱ्यास काहीच हाती लागणार नाही, कारण तेव्हा ते तालुके नव्हते. १९८१ ची जनगणना गडचिरोली जिल्ह्याच्या निर्मितीपूर्वीची आहे. तिच्यातील चंद्रपूरचे आकडे १९९१ च्या चंद्रपूरशी सरळ ताडून पाहिल्यास लोकसंख्या एकाएकी घटल्याचा भास होतो. विद्यापीठीय प्रबंधांचेही तसेच आहे. गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २७ सप्टेंबर २०११ ची. त्यापूर्वीचे या प्रदेशावरील एम. फिल. व पीएच. डी. चे काम नागपूर विद्यापीठाकडे आहे. एम. फिल. ही पदवी २०२२ च्या नियमांनी बंद झाली असल्याने तिचे प्रबंध यापुढे वाढणार नाहीत. जे आहेत त्यांची यादी करून ठेवणे तेवढे हाती आहे.

म्हणून या दोन जिल्ह्यांवरील कोणत्याही प्रकल्पाचे पहिले टिपण हे ग्रंथाचे नसून गावाचे असावे. अभ्यासातील प्रत्येक गावासाठी एक स्वतंत्र पत्रक करावे. त्यावर गावाचे आजचे नाव, जनगणनेतील गावक्रमांक, आजचा तालुका, त्यापूर्वी ते ज्या ज्या तहसिलीत व जिल्ह्यात होते त्यांची नावे वर्षांसह, ते खालशातील, मालगुजारीतील की जमीनदारीतील होते याची नोंद, आणि जुन्या कागदांत आढळलेले नावाचे प्रत्येक वेगळे रूप लिहावे. शेवटची बाब किरकोळ समजू नये. इंग्रजी कागदांत वैरागडचेच हिज्जे चार प्रकारे सापडतात. शिवाय एकाच नावाची अनेक गावे या भागात आहेत. चक, तुकूम, रिठी, टोला, खुर्द, बुजरुक या पदांनीच ती वेगळी ओळखता येतात. टिपणात ही पदे गाळली की दोन गावांचा इतिहास एक होऊन जातो. १८५८ च्या उठावातील बाबुराव शेडमाके यांच्याविषयी इंग्रज अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार पाहणाऱ्यास व्यक्तिनामे व मोलमपल्लीसारखी स्थलनामे यांच्या बाबतीत हाच अनुभव येतो. टिपणात मूळ कागदातील रूप जसेच्या तसे उतरवावे आणि आजचे रूप शेजारी चौकटी कंसात द्यावे. मूळ रूप सुधारून घेऊ नये.

टिपणाची अंगे

टिपणांच्या शिस्तीचे महाराष्ट्रातील सर्वात भव्य उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत शब्दकोश प्रकल्पासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि काम आजही चालू आहे. चिठ्ठ्या लिहिणारी पिढी आणि कोश संपादणारी पिढी यांच्यात कित्येक दशकांचे अंतर पडले, तरी चिठ्ठी निरुपयोगी झाली नाही. शब्द, त्याचा संदर्भ आणि ग्रंथातील नेमके स्थळ चिठ्ठीवरच असल्याने ती वाचण्यासाठी लिहिणाऱ्याला विचारावे लागत नाही. लहानातल्या लहान प्रकल्पाच्या टिपणालाही हीच कसोटी लावता येते : संशोधक समोर नसताना ते त्रयस्थाला कळते काय?

कार्ड किती इंचांचे असावे, शाई कोणती वापरावी यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याला फारसे महत्त्व नाही. कार्ड असो, वही असो वा संगणक, काही गोष्टी मात्र चुकवून चालत नाही. एका टिपणावर एकच मुद्दा असावा. माथ्यावर साधनाचा संकेतांक असावा व तो साधनांच्या मुख्य यादीशी जुळावा. पृष्ठांक किंवा दप्तर, पुडके व कागद यांचे क्रमांक असावेत. साधन कोठे पाहिले आणि कोणत्या तारखेस पाहिले हेही लिहावे. कारण दप्तरे हलतात, क्रमांक बदलतात आणि संकेतस्थळावरील कागद तर सूचना न देता नाहीसा होतो.

याहूनही महत्त्वाचा भेद तीन प्रकारच्या मजकुरांतील आहे : साधनातील शब्दशः उतारा, त्या मजकुराचा संशोधकाने केलेला संक्षेप आणि संशोधकाचे स्वतःचे मत. हे तिन्ही एकाच शाईत, एकाच परिच्छेदात लिहिले जातात आणि सहा महिन्यांनी परस्परांत मिसळून जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते व त्यापुढे दंडनीय पायऱ्या सुरू होतात. या विनियमांची चर्चा महाविद्यालयांत सहसा संगणकीय तपासणीच्या टक्केवारीपुरती होते. वस्तुतः हेतुपुरस्सर चोरीचा भाग सोडला तर उरलेले साम्य पुष्कळदा टिपणवहीत जन्मते : उताऱ्याभोवती अवतरणचिन्ह घालायचे राहते आणि लिहिताना तो मजकूर स्वतःचाच वाटू लागतो. अहवाल पूर्ण झाल्यावर शब्द बदलून टक्केवारी कमी करता येते. त्याने टक्केवारी तेवढी बदलते.

साधनांची साखळी हाही असाच दुर्लक्षित भाग आहे. मेजर लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा. चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ व त्यांचे काळ यांविषयी पुढील बहुतेक लेखनाचा माग या अहवालापर्यंत जातो. अहवालातील ती माहिती स्वतः परंपरेवर आधारलेली आहे. आता एखाद्या अभ्यासकाने १९०९ चे गॅझेटिअर, महाराष्ट्र शासनाने पुढे काढलेले गॅझेटिअर आणि एखादा अलीकडचा मराठी ग्रंथ अशा तीन ठिकाणी तेच सन पाहिले आणि 'तीन साधनांची एकवाक्यता आहे' असे लिहिले, तर ती एकवाक्यता नसून एकाच विधानाच्या तीन प्रती आहेत. साधनांच्या यादीत प्रत्येक ग्रंथापुढे 'याचा आधार कोणता' असा एक रकाना ठेवला की हा भ्रम आपोआप उघडा पडतो. या रकान्यात 'आधार दिलेला नाही' असे लिहिण्याची वेळ पुष्कळदा येईल. ती नोंदही उपयोगाचीच आहे.

मौखिक साधने

गडचिरोलीच्या दक्षिण भागात लिखित साधन संपते तेथून खरे काम सुरू होते. गोंडी व माडिया बोलणाऱ्या समाजांचा इतिहास, जंगलाच्या वापराचे नियम, देवस्थानांच्या सीमा हे सर्व बोलण्यात साठलेले आहे. मुलाखतीचे टिपण घेताना संशोधक बहुधा मराठीत लिहितो. सांगणारा माडियात बोलतो. मध्ये दुभाषी असतो, आणि टिपणात मात्र त्या दुभाष्याचा मागमूस नसतो. म्हणून मौखिक टिपणाचे तीन थर वेगळे ठेवावे लागतात : मूळ भाषेतील कळीचे शब्द देवनागरीत, दुभाष्याने दिलेला मराठी अर्थ त्याच्या नोंदीसह, आणि संशोधकाचा अन्वयार्थ.

गोटुल हा शब्द या संदर्भात पाहण्यासारखा आहे. व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गोटुल म्हणजे काय याचे पुस्तकी चित्र त्यावरून ठरून गेले. तो अभ्यास बस्तरचा आहे. गडचिरोलीतील एखाद्या गावात कोणी 'गोटुल' म्हटले की टिपणात एल्विनचे वर्णन आपसूक उतरते आणि सांगणाऱ्याला अभिप्रेत असलेले गावसभेचे, पाहुण्यांच्या मुक्कामाचे वा तरुणांच्या कामाचे घर बाजूला राहते. टिपणात शब्द आधी सांगणाऱ्याच्या अर्थाने यावा. ग्रंथाशी तुलना निराळ्या कार्डावर करावी.

काळाची नोंद ही दुसरी अडचण. वृद्ध व्यक्ती सन सांगत नाही, घटना सांगते. 'मालगुजारी गेली तेव्हा' म्हणजे १९५१, 'जिल्हा झाला तेव्हा' म्हणजे १९८२, हे संशोधकाला ठाऊक असते आणि तो थेट सनच लिहून मोकळा होतो. तसे करू नये. सांगितलेले शब्द लिहावेत, शेजारी अनुमानाने काढलेला सन द्यावा व तो अनुमानित असल्याचे नमूद करावे. मालगुजारी कायद्याने एका तारखेस संपली असली तरी त्या गावात मालगुजाराचा अंमल नेमका केव्हा उठला हा स्वतंत्र प्रश्न असू शकतो. मापांचेही तेच : खंडी, कुडव, पायली ही मापे ठिकठिकाणी वेगळी आहेत, त्यामुळे त्यांचे किलोत रूपांतर करून मूळ माप पुसून टाकणे म्हणजे साधन नष्ट करणेच होय.

टिपण पुरावा होते तेव्हा

इतर प्रदेशांत टिपणाची हयगय झाली तर प्रबंध कच्चा राहतो. या दोन जिल्ह्यांत तिचा परिणाम गावापर्यंत पोहोचू शकतो. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याखालील नियमांपैकी तेराव्या नियमात दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्त अहवाल, नकाशे, वनविभागाच्या कार्ययोजना ही साधने आहेत, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा आहेत, वंशावळ आहे, दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी केलेले निवेदन आहे, आणि नामांकित संस्थांनी केलेले संशोधन व रूढी-परंपरांचे दस्तऐवजीकरणही आहे. सामूहिक हक्कांसाठी निस्ताराच्या नोंदींना विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६१ व १६५ या कलमांत अनुक्रमे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद असल्याने विदर्भातील गावांसाठी हे कागद शोधण्यासारखे असतात. हक्क ठरविताना एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असेही नियम सांगतो.

ही यादी वाचताना इतिहास, समाजशास्त्र, भूगोल वा मराठी या विषयांच्या कोणाही प्राध्यापकाच्या लक्षात येईल की ही जवळजवळ त्याच्याच प्रकल्पाची साधनसूची आहे. बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ही रेषा १९३० पर्यंत मागे जाते. त्या काळाची आठवण सांगणारे आता जवळपास उरलेले नाहीत. वीस वर्षांपूर्वी कोणा प्राध्यापकाने घेतलेली मुलाखत एखाद्या कपाटात असेल, तर ती आज पुन्हा घेता येणार नाही. त्या टिपणावर सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख आणि ऐकलेले शब्द असतील तर ग्रामसभेला ते आपल्या दाव्यासोबत मांडता येईल. 'एका वृद्धाने सांगितले' एवढेच असेल तर त्याचा कोणालाच उपयोग नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) या पुस्तकामुळे ते मराठी वाचकांना परिचित झाले. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या घटनांची चर्चा खूप झाली. तिच्यामागील अभ्यासाची सवय मात्र मागे राहिली. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे अनेक वर्षे अभ्यासगट चालत आले. गावकरी एखादा प्रश्न घेऊन बसत, बाहेरील जाणकारांशी चर्चा करीत आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई. माहिती गोळा करणे, ती समजून घेणे आणि निर्णय घेणे या तीन कृती तेथे वेगळ्या ठेवल्या गेल्या. साधनातील मजकूर, संक्षेप व मत वेगळे ठेवण्याची जी शिस्त वर सांगितली, तिच्याशी याचे नाते उघड आहे.

आकडेवारीची दुहेरी नोंद

संख्यात्मक संशोधनाचा या प्रदेशातील आदर्श गडचिरोलीतच उपलब्ध आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाची ३९ गावे होती व तुलनेसाठी ४७ गावे होती. जन्म व बालमृत्यूंची नोंद गावपातळीवर सतत होत असे, आणि त्याखेरीज ठरावीक काळाने स्वतंत्र घरोघर पाहणी होऊन दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या जात. एका यादीतून सुटलेला मृत्यू दुसरीत सापडे. शासकीय नोंदींतून बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर निसटतात हे २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने पुढे राज्यभरासाठी दाखविले. विद्यार्थ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या महाविद्यालयीन प्रकल्पांत दुहेरी नोंद संपूर्ण नमुन्याची करणे शक्य नसते. थोड्या घरांची तरी दुसऱ्या व्यक्तीकडून फेरनोंद घेऊन दोन्ही कागद जपून ठेवणे शक्य असते. न जुळणारी उत्तरे खोडून एकसारखी करण्याचा मोह टाळावा, कारण तो फरकच नोंदीचा दर्जा सांगतो.

जतन, गोपनीयता व परतफेड

भ्रमणध्वनीने अभिलेखागारातील काम सोपे केले आणि टिपणांचा गोंधळ वाढविला. एका दिवसात दोनशे कागदांची छायाचित्रे निघतात व ती तारखेच्या निरर्थक आकड्यांखाली पडून राहतात. कागदाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याच्या पुडक्याच्या मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे आणि त्याच संध्याकाळी धारिकांना संकेतांक द्यावेत. एवढ्याने पुष्कळ निभावते. झोटेरोसारखी विनामूल्य संगणक प्रणाली मुद्रित ग्रंथांच्या नोंदींसाठी उत्तम आहे. निस्तारपत्रक किंवा सातबारा यांसाठी तिच्यात तयार साचा नाही; तेथे गावपत्रकच मुख्य धरावे लागते.

गडचिरोलीत १९८० च्या दशकापासूनच्या सशस्त्र संघर्षाने टिपणाच्या गोपनीयतेला निराळे गांभीर्य दिले आहे. कोण कोणाशी बोलला, कोणाच्या घरी बैठक झाली, ही माहिती वहीत नावानिशी असणे हे सांगणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. येथे वरील नियमाशी विरोध निर्माण होतो : पुराव्यासाठी नाव हवे आणि सुरक्षिततेसाठी नाव नको. यावर उपाय विषयवार करावा लागतो. वनवापर, देवस्थाने, वंशावळ यांविषयीची निवेदने सांगणाऱ्याच्या संमतीने नावासह ठेवावीत. संघर्षासंबंधीची निवेदने केवळ संकेतांकाने ठेवावीत आणि संकेतांकांची यादी टिपणांसोबत कधीही नेऊ नये. संमती कोणत्या वापरासाठी घेतली हेही त्याच वेळी लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण प्रबंधासाठी दिलेली संमती दाव्यासाठी आपोआप लागू होत नाही.

प्रकल्प संपल्यावर अहवालाची प्रत विद्यापीठाकडे जाते. गावपत्रके, निवेदनांच्या प्रती आणि साधनांची यादी मात्र प्राध्यापकाच्या घरी राहते व बदली किंवा निवृत्तीनंतर रद्दीत जाते. या सामग्रीचा एक संच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखलक्रमांक देऊन ठेवावा. दुसरा संच, संकेतांकाची निवेदने वगळून, त्या त्या ग्रामसभेकडे मराठी सूचीसह सुपूर्द करावा आणि त्याची पोच ग्रामसभेच्या ठरावाच्या वहीत घ्यावी.